सुरक्षासूचनेची भाषा आणि कंत्राटी कामगार

शास्त्री नदीच्या मुखाशी वसलेले जयगड हे संगमेश्वरी बोलीच्या मुलखातील गाव होय. तेथे २००९ साली आधुनिक बंदर सुरू झाले आणि पाठोपाठ १,२०० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले. अशा दूरस्थ उद्योगस्थळी कंत्राटदार, पोटकंत्राटदार, मुकादम व मजूर अशी उतरंड असते. अल्पमुदतीच्या कामास येणारा मजूर पुष्कळदा परभाषिक असतो. कामावर घेण्यापूर्वी त्यास जी सुरक्षाविषयक माहिती देतात, तिला ‘सेफ्टी इंडक्शन’ म्हणतात. भाषाव्यवहार या दृष्टीने तिची चिकित्सा होणे अगत्याचे आहे.

या सूचनांचा साचा सर्वपरिचित आहे. ‘शिरस्त्राण परिधान करण्यात यावे’, ‘योग्य ती दक्षता घेण्यात यावी’ ही तिची नेहमीची वाक्ये. येथे ‘शिरस्त्राण’ हा शब्द दुर्बोध आहे, हा दोष गौण होय; ‘हेल्मेट’ म्हटल्याने तो दूर होतो. खरा दोष रचनेत आहे. या कर्मणी धाटणीत कर्ता लुप्त होतो, आणि दक्षता मुकादमाने घ्यावयाची की मजुराने, हे अनिर्णित राहते.

परिभाषेचा प्रश्न याहून गंभीर आहे. इंग्रजी संज्ञेवरून बेतलेला ‘बंदिस्त जागा’ हा शब्दप्रयोग पाहावा. ऐकणाऱ्याच्या मनात त्यावरून दारे-खिडक्या लावलेली खोली उभी राहते. परंतु कोळसा हवेतील प्राणवायू शोषून घेतो, व काही जातींच्या कोळशातून मिथेन वायूही सुटतो. म्हणून कोळसावाहू जहाजाचे तळघर, त्यात उतरण्याचा शिडीमार्ग किंवा वरून उघडी असलेली खोल टाकीही प्राणघातक ठरू शकते. शब्द मराठी आहे, पण धोका त्यात उतरलेला नाही. ‘जेथे हवा खेळत नाही आणि चटकन बाहेर पडता येत नाही अशी जागा’ हे वर्णन लांबट असले तरी अधिक अन्वर्थक आहे.

कायद्यानेही हा प्रश्न अर्धाच ओळखला होता. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १०८ नुसार वैधानिक सूचना इंग्रजीत व बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावावयाच्या होत्या. याउलट आंतरराज्य स्थलांतरित कामगारांविषयीच्या १९७९ च्या अधिनियमाने मजुराचे पासबुक हिंदी व इंग्रजीखेरीज त्याच्या स्वतःच्या भाषेतही असावे, असे सांगितले. म्हणजे वेतनाच्या नोंदीस मजुराची भाषा लाभली, पण धोक्याच्या सूचनेस बहुसंख्यांचीच! हे दोन्ही अधिनियम २०२० च्या संहितेत विलीन झाले व ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तथापि धोक्यापुढे एकटा उभा राहणारा मजूर बहुसंख्यांत मोडतोच असे नाही.

प्रत्येक स्थळी दहा भाषांतरे सिद्ध करणे अशक्य आहे, हा आक्षेप खरा आहे. परंतु त्याचे उत्तर आपल्याच परंपरेत आढळते. वडीलधाऱ्याने ‘गाय आण’ म्हणताच दुसरा गाय आणतो, आणि हे पाहून बालकास शब्दार्थ कळतो, असे मीमांसकांनी प्रतिपादिले. आज्ञेच्या आकलनाची साक्ष कृती देते. नोंदवहीतील सही वा अंगठा केवळ उपस्थितीची साक्ष देतो. सुरक्षापट्टा मजुराने स्वतः बांधून दाखवावा, सुटकेची वाट चालून दाखवावी, धोका स्वतःच्या शब्दांत सांगावा. तोवर सूचना उच्चारली गेली असे म्हणता येईल, दिली गेली असे नव्हे.