न वाजलेलं घुंगरू

पवईला हात बसलेला गरवणारा परक्या तलावावर गेला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘मगर आहे का?’ गावकरी हसतात. पवईत मगरी खरोखरच आहेत, त्यामुळे तिथे गळ टाकायला शिकलेला माणूस घोटाभर पाण्यातही उभा राहत नाही, काठापासून दोन पावलं मागेच बसतो. या भित्रेपणाचा एक फायदा आहे. रोहू, मृगळ, सायप्रिनस या कुळातल्या माशांच्या पोटातली हवेची पिशवी आणि आतला कान यांना जोडणारी बारीक हाडांची साखळी असते, म्हणून काठावर आपटलेला पाय त्यांना चांगलाच ऐकू जातो. मगरीला भिऊन मागे बसलेल्या माणसापासून मासा दूर पळत नाही.

नाना या शाळेतले. राहणार भांडुपचे, मूळ कुडाळकडचे; गरवणं लहानपणी खाडीवर शिकले, मुरले मात्र पवईला. 1891 साली पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव त्या कामाला नालायक ठरला आणि माशांच्या कामाला आला. महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनचं ठाणं याच काठावर आहे आणि अंधेरी-मुलुंडपर्यंतच्या कित्येकांनी पहिली रोहू तिथेच ओढली आहे. पण पवईचं पाणी नानांना पाठ. जलपर्णी कुठे दाटते, गाळ कुठे आहे, कुठल्या वाऱ्याला कुठे बसायचं, सगळं ठरलेलं. माणसाची खरी परीक्षा अनोळखी पाण्यावर होते. शहापूरकडच्या एका लहान तलावावर त्यांनी एक रात्र काढली. मी सोबत होतो. त्या रात्रीचं रसग्रहण करावं असं बरेच दिवस मनात होतं.

लगेजच्या डब्यात दांड्या उभ्या धरून आसनगावपर्यंत, पुढे टमटम. दिवाळी नुकतीच होऊन गेलेली. तलावाचा ठेका गावातल्या मच्छीमार संस्थेकडे. पावती फाडली, ‘धराल तो मासा किलोच्या भावाने’ हेही ठरलं. चार वाजले होते आणि उजेड कमी होत होता, तरी नानांनी पिशवी उघडली नाही. आधी बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. मातीच्या बांधाचा तलाव म्हणजे खोल पाणी बांधाला लागून आणि जिकडून ओढा येतो तिकडे उथळ, एवढं कुणीही सांगेल. नवखा खोल पाणी बघून तिथेच बसतो. नाना थांबले ते सांडव्याच्या अलीकडे, बायका भांडी घासतात त्या दगडापाशी. दगडाच्या फटीत भाताची शितं होती. ‘इथे रोज जेवण पडतं,’ एवढंच म्हणाले.

मग त्यांनी दोऱ्याला गळ न लावता नुसतं शिसं बांधलं आणि फेकलं. हा माझ्या दृष्टीने रात्रीतला पहिला देखणा भाग. शिसं पाण्यात पडल्यापासून दोरा सैल होईपर्यंत ओठांनी आकडे मोजायचे, म्हणजे खोली कळते. मग दोरा तर्जनीवर घेऊन शिसं हळूहळू ओढत आणायचं. खडकाळ तळ असेल तर बोटाला टकटक लागते. गाळ असेल तर शिसं जड होतं, काही कळू देत नाही. शेवाळ असेल तर अडकतं आणि एकदम सुटतं. नानांनी पंख्यासारखी अर्धवर्तुळात शिशी टाकली आणि काळोख पडायच्या आत तळाचा नकाशा बोटाने वाचून काढला. दगडापासून पंधरा-वीस हातांवर कडक तळ संपून गाळ सुरू होत होता. त्या सीमेवर दोन गळ टाकले. तिसरा खोल पाण्यात, ‘मन राखायला’.

चाऱ्याच्या बाबतीत प्रत्येक गरवणाऱ्याचं स्वतःचं गुपित असतं आणि ते बहुधा शेजाऱ्याच्या गुपितासारखंच असतं: शेंगदाण्याची पेंड, कणिक, भाजलेल्या डाळीचं पीठ, वर हिंग, बडीशेप किंवा असलंच काही वासाचं. गढूळ पाण्यात, त्यातही रात्री, या माशांचं डोळ्यांवाचून अडत नाही. वास आणि चव यांवर ते चालतात. सायप्रिनसच्या तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या असतात. तोंड नळीसारखं पुढे येतं, गाळासकट घास ओढून घेतं, आतल्या आत निवडतं आणि नको ते थुंकून टाकतं. जबड्यात दात नाहीत, दात आहेत ते घशात. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. दोऱ्याला पहिला हिसका बसतो तेव्हा माशाने घास गिळलेला नसतो, तो नुसती चव बघत असतो. तेवढ्यात दांडी उचलणाऱ्याच्या हाती रिकामा गळ येतो.

दांडीच्या टोकाला घुंगरू आणि शेजारी चमकणारी हिरवी कांडी. विलायतेत हे काम अलार्म करतो. तिकडचा रिचर्ड वॉकर हा या छंदाचा मोठा माणूस. विजेवरच्या अलार्मचा जनक त्यालाच मानतात. 1952 च्या सप्टेंबरात, रात्रीच्याच वेळी, रेडमायर नावाच्या जेमतेम तीन एकरांच्या तळ्यात त्याने 44 पौंडांचा, म्हणजे वीस किलोंचा कार्प (आपला सायप्रिनसच) धरला आणि तो जिवंत लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पाठवला. लहान तळ्याला कमी लेखू नये, हे तेव्हापासून सर्वांना मान्य आहे. अलार्म मात्र मला रुचत नाही. काहीतरी झालं, एवढंच तो सांगतो. घुंगरू कोण आलंय ते सांगतं. चिलापी आली तर किरकिऱ्या पोरासारखं वाजत राहतं. खेकडा असेल तर वाजत नाही, टोक तेवढं हळूच झुकतं आणि झुकलेलंच राहतं. मृगळ दोनदा तुटक वाजवून गप्प होतो. कटला या मैफलीत बहुधा नसतोच. त्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या पाण्यात चरतो.

आठच्या सुमाराला मृगळाने दोनदा वाजवलं. माझा हात दांडीकडे गेला तसे नाना म्हणाले, ‘ऱ्हवंदे.’ तिसऱ्यांदा वाजलं नाही, मासा गेला. त्यांना त्याचं काही वाटलं नाही; त्यांचा डोळा सायप्रिनसवर होता. मृगळ आणि रोहू साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. 1957 साली ओडिशातल्या अंगुलला हिरालाल चौधरी आणि अलीकुन्ही यांनी इंजेक्शन देऊन त्यांचं प्रजनन घडवून आणलं, तेव्हापासून खात्रीचं बीज मिळू लागलं. म्हणजे या तळ्यातला प्रत्येक मृगळ कुणीतरी प्लास्टिकच्या पिशवीतून आणून सोडलेला. सायप्रिनसचं तसं नाही. तो इथेच वाढतो, इथेच पिलावतो, आणि तळं त्याला नानांपेक्षा जास्त माहीत असतं.

रात्रीतलं एक उणंही सांगितलं पाहिजे. अकराच्या पुढे नानांनी चाऱ्याचे मोठाले गोळे फेकले. गरज नव्हती. तासभर चिलापीने तिन्ही घुंगरं नाचवली आणि तिन्ही गळ साफ केले. पवईसारख्या विस्तीर्ण पाण्याचं माप त्यांनी एवढ्याशा तळ्याला लावलं. नंतर तेच म्हणाले, ‘लग्नाची पंगत घातली मी.’

आणि मग दोनच्या पुढे तो प्रसंग, ज्यासाठी हे सगळं लिहितो आहे. घुंगरू वाजलं नाही. मधल्या दांडीची हिरवी कांडी दोन बोटं वर सरकली, इतकंच. गळाच्या शिशाने दोरा ताणलेला असतो, त्यामुळे टोक किंचित वाकलेलं असतं. ते सरळ झालं, म्हणजे ताण गेला. म्हणजे कुणीतरी घास शिशासकट उचलून काठाकडे, आपल्याकडे, येत होतं. मला हे सगळं मागाहून उमगलं. नानांनी ते त्याच क्षणी वाचलं. दांडी न हलवता रीळ भराभर फिरवून सैल दोरा गोळा केला, बोटाला वजन लागेपर्यंत, आणि मग झटका न देता दांडी नुसती मागे घेतली. रीळ कर्रकन उलटं फिरलं. मासा शेवाळाकडे धावला तेव्हा त्यांनी दांडी आडवी पाडून त्याचं तोंड वळवलं. इथे जोर करायला जागा असते आणि बहुतेक जण तो करतात. नानांनी दोरा दिला, घेतला, परत दिला. जाळीत आला तो तीन किलोंच्या आतबाहेरचा सायप्रिनस, बॅटरीच्या उजेडात पितळी दिसणारा, तोंडाची नळी उघडमीट करणारा. गळ खालच्या ओठाच्या मधोमध बसला होता.

पहाटे पाण्यावर जिकडेतिकडे तोंडं दिसू लागली. मी हरखलो. नाना दांड्या गुंडाळायला लागले. रात्रभर पाण्यातली वनस्पतीही श्वास घेते, पहाटे प्राणवायू सगळ्यांत कमी असतो, म्हणून मासे वर येऊन तोंड उघडतात. ते जेवायला आलेले नसतात. ‘दमेकऱ्याला जेवायचा आग्रह करतात का?’ म्हणाले.

संस्थेच्या माणसाने मासा तोलला, पैसे घेतले आणि पिशवीत घालून द्यायला लागला. नानांनी तो त्यालाच देऊन टाकला. मासा सोडून देणं, देऊन टाकणं यावर हल्ली बरंच उदात्त बोललं जातं. त्यातला निम्मा उदात्तपणा आमच्याकडे जिभेचा आहे: कोकणी घरात गोड्या पाण्यातल्या माशाला चिखलाचा वास येतो म्हणून नाक मुरडतात, आणि नानांच्या घरी तर तो ओट्यावरही ठेवू देत नाहीत. भांडुपला उतरल्यावर ते दांड्या खांद्यावर घेऊन सरळ बाजारात शिरले, बोंबलांच्या टोपलीपुढे बसले आणि कोळणीशी पाच रुपयांवरून घासाघीस सुरू केली.