अणू सुटतो, पण पुंज कसा सुटतो?

मागच्या वेळी 'स्पष्टीकरण म्हणजे काय' यावर आपण बोललो. आज तोच प्रश्न एका उदाहरणावर तपासून बघू. उदाहरण भौतिकशास्त्रातलं आहे आणि आम्ही तत्त्वज्ञानवाले त्या घरात पाहुणे. पण घरच्यांच्या अंगवळणी पडलेली गोष्ट कधी कधी पाहुण्यालाच खटकते.

धातूच्या पृष्ठभागावर वेगवान आयन आदळले की त्यातून अणू बाहेर उडतात. याला स्पटरिंग म्हणतात. विल्यम ग्रोव्ह यांनी १८५२ मध्येच याची नोंद केली होती. आज चिपवर धातूचा पातळ थर चढवायला हीच क्रिया वापरतात. वाद होता तो अणू सुटतो कसा, याचा. एक पक्ष म्हणे, आयन आदळतो ती जागा क्षणभर प्रचंड तापते आणि धातूची वाफ होते. दुसरा म्हणे, ही नुसती टकरींची मालिका आहे. १९५५ च्या सुमारास वेनर यांनी एकाच स्फटिकाच्या धातूवर मारा केला, तेव्हा अणू ठरावीक दिशांनी जास्त उडाले. आता वाफेला स्फटिकाच्या दिशा कुठून कळणार? टकरींचा पक्ष जिंकला. १९६९ मध्ये पीटर सिगमुंड यांनी त्याला नेटकं गणित दिलं: पृष्ठभागाजवळ किती ऊर्जा उतरते आणि अणूला तिथे धरून ठेवणारी ऊर्जा किती, यावरून एका आयनामागे सरासरी किती अणू उडतील ते काढता येतं.

वर्गात हे समजावताना कॅरमची उपमा सुचते. स्ट्रायकर आदळतो, सोंगट्या एकमेकींवर आपटतात, एखादी उडून बाहेर जाते. उपमा वाईट नाही. टकरींमध्ये दिशा विस्कटत जातात, म्हणून आत शिरणाऱ्या आयनामुळे अणू उलट बाहेर येऊ शकतो, हे तिच्यातून कळतं.

पण आमची तक्रार इथेच सुरू होते. बाहेर नुसते सुटे अणू पडत नाहीत. दोन-दोन, दहा-दहा, कधी शेकडो अणूंचे पुंज एकत्र बाहेर येतात. चांदीतून निघणाऱ्या जोड्या होनिग यांनी १९५८ मध्ये, म्हणजे सिगमुंड यांच्या सिद्धांताच्या आधीच, पाहिल्या होत्या. कॅरमवर दहा सोंगट्या हातात हात घालून उडाल्याचं कुणी पाहिलंय का? जोडीपुरतं म्हणता येईल की दोन अणू योगायोगाने जवळजवळ एकाच वेगाने, एकाच दिशेने निघाले आणि एकमेकांना धरून राहिले. पण शंभर अणूंचा योगायोग? योगायोगावर योगायोग रचत गेलो तर त्याला स्पष्टीकरण म्हणायचं कशाला?

२००१ मध्ये रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ५०० हून जास्त अणूंचे पुंज मोजले. आकार वाढला की संख्या घटते, हे ठीक. पण लहान पुंजांत ही घट आकाराच्या चौथ्या ते आठव्या घाताने होत होती. या मोठ्या पुंजांत मात्र दुसऱ्याच घाताने. म्हणजे आकार दुप्पट झाला, तर संख्या फक्त चौथाई होते. त्यांनी निष्कर्ष काढला, की पृष्ठभागाखाली उठलेली आघात-लहर मोठे पुंज एकसाथ उचलून फेकते. अशी कल्पना बिटेन्स्की आणि परिलिस यांनी १९८७ मध्येच मांडली होती.

बघा, काय झालं? वेनर यांच्या स्फटिकापुढे हरलेला 'सगळा भाग मिळून हलतो' हा विचार नव्या वेषात परत आला. मग सिगमुंड चुकले का? मुळीच नाही. थोडेच अणू हलत असतील, तोवरचं ते गणित आहे. दाट टकरींत ते अपुरं पडतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्या अवस्थेवरही त्यांनी पुढे काम केलं. चूक आहे ती आपली. 'किती उडाले' याचं उत्तर बरोबर आलं, म्हणून 'कसे उडाले' हेही कळलं, असं आपण धरून चालतो. सरासरीत सुटे अणूच भारी पडतात आणि विरळा घटना झाकली जाते. मोठा पुंज ही अशीच विरळा घटना आहे, आणि आतली यंत्रणा नेमकी तिच्यातून दिसते.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'सिद्धांत आकड्यांशी जुळतो' असं म्हणालं, तर आपण नम्रपणे एवढंच विचारू: कोणत्या प्रश्नाच्या आकड्यांशी?