लुप्त नदी आणि सिंधुसंस्कृति : एका सिद्धांताचें परीक्षण

घग्गर-हाकरा नदीच्या कोरड्या पात्राविषयीं आजवर जें विपुल लेखन झालें आहे, त्यांत एक सिद्धांत वारंवार पुढें येतो. तो असा कीं, हिमालयांतून निघालेली सरस्वती नामक महानदी ह्या पात्रांतून समुद्रास मिळत होती. तिच्या आश्रयानें सिंधुसंस्कृतीचीं नगरें वसलीं. आणि ती आटतांच तीं ओस पडलीं. सिद्धांत सुटसुटीत आहे व म्हणूनच लोकप्रिय झाला आहे. परंतु त्यांत तीन निरनिराळे प्रश्न एकत्र गुंफले गेले असून एकाचा पुरावा दुसऱ्यास लावला जात आहे, असें आमचें मत आहे. ते प्रश्न सुटे करून पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

प्रथम पूर्वपीठिका. इ. स. १८८६ मध्यें आर. डी. ओल्डहॅम ह्या भूगर्भशास्त्रज्ञानें पंजाबांतील नद्यांच्या पात्रबदलाचा विचार केला. पुढें १८९३ मध्यें सी. एफ. ओल्डहॅम ह्या लष्करी वैद्यानें, सतलज पश्चिमेकडे वळल्यामुळें हाकरा कोरडी पडली व हीच वेदांतील सरस्वती, असें प्रतिपादन केलें. आडनांव एकच असल्यानें ह्या दोघांची गल्लत होण्याचा संभव आहे. वाचकांनीं सावध असावें. त्या वेळीं सिंधुसंस्कृतीचें अस्तित्व कोणास ठाऊक नव्हतें. हडप्पा येथें दयाराम सहानी ह्यांनीं १९२१ मध्यें उत्खनन आरंभिलें. मोहेंजोदडो येथें राखालदास बॅनर्जी ह्यांचें काम त्यानंतरचें. पुढें ऑरेल स्टाइन (१९४०-४१), अमलानंद घोष (१९५० पासून) व रफीक मुघल (१९७४-७७) ह्यांनीं कोरडें पात्र धुंडाळलें, तेव्हां त्याच्या कांठीं वसाहतींची दाटी आढळून आली. ही भर मोलाची आहे. तीविषयीं वाद नाहीं.

पहिला प्रश्न नदीच्या स्वरूपाचा. वसाहतींची दाटी आहे, अर्थात् महानदी होती, हें अनुमान टिकत नाहीं. २०१२ मध्यें लिव्हिउ जिओसन प्रभृतींनीं हडप्पाकालीन घग्गर-हाकरा ही पावसाच्या पाण्यावर वाहणारी नदी असल्याचें दाखविलें. २०१७ मध्यें अजित सिंग प्रभृतींनीं जुन्या पात्रांतील गाळाचे थर भेदून त्यांचा काळ ठरविला. सतलज सुमारें १५,००० वर्षांपूर्वीं हें पात्र सोडूं लागली व ८,००० वर्षांपूर्वींपर्यंत तिचा प्रवाह पुरता वळला, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे इ. स. पू. २६०० च्या सुमारास नगरें उभीं राहिलीं, तेव्हां ती नदी तेथून जाऊन तीन सहस्र वर्षांहून अधिक काळ लोटला होता. महानदीनें सोडलेल्या रुंद पात्रांत सुपीक गाळ होता, पावसाळी प्रवाह होता, आणि हिमनद्यांच्या महापुराचें भय नव्हतें. वस्तीस ती जागा सोयीची झाली ती ह्यामुळेंच.

उलट, मोहेंजोदडो प्रत्यक्ष सिंधूच्या पूरक्षेत्रांत होतें; तेथील महत्त्वाच्या इमारती विटांच्या उंच ओट्यांवर बांधाव्या लागल्या. कच्छच्या रणांतील धोलावीरा मनसर व मनहर ह्या दोन ओढ्यांमध्यें वसलें. तेथें पाणी अडवून मोठाले तलाव भरीत. काळीबंगन, मोहेंजोदडो व धोलावीरा ह्या तिहींस एका नदीचा न्याय लावतां येत नाहीं. नगरांचें स्थान नदीच्या मोठेपणानें ठरलें नाहीं, तिच्या वागणुकीनें ठरलें, असें आम्ही म्हणतों.

दुसरा प्रश्न ऱ्हासाचा. येथें प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट पुरावा विचारांत घेतला पाहिजे. २०१९ मध्यें अनिर्बाण चटर्जी प्रभृतींनीं हिमालयांतील पाणी मिळणारा बारमाही प्रवाह ह्या पात्रांत सुमारें ९,००० ते ४,५०० वर्षांपूर्वींच्या काळांत होता, असें मांडलें. हें मत पूर्णपणें स्वीकारलें तरी तो प्रवाह इ. स. पू. २५०० च्या सुमारास संपतो. नगरें मात्र इ. स. पू. १९०० पर्यंत नांदलीं. कारण व कार्य ह्यांमध्यें सहा शतकांचें अंतर पडत असेल, तर त्यास कारण म्हणणें धाडसाचें आहे. नंतरच्या काळीं पाऊसमान क्षीण झालें, व छोट्या वसाहती पूर्वेस घग्गरच्या वरच्या अंगास आणि गंगा-यमुनेच्या दुआबाकडे वाढल्या. हिंडन नदीवरील आलमगीरपूर हें त्याचें परिचित उदाहरण होय. पाण्याच्या मागें माणसें सरकत गेलीं. ह्यास एका नदीचा एकाएकीं झालेला मृत्यु म्हणतां येणार नाहीं.

तिसरा प्रश्न ग्रंथप्रामाण्याचा. ऋग्वेदांत सरस्वतीचें वर्णन पर्वतापासून समुद्रापर्यंत जाणारी असें आहे. ब्राह्मणग्रंथांत ती जेथें लुप्त होते त्या विनशनाचा उल्लेख येतो. ह्या उल्लेखांचें महत्त्व आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु अवेस्तांतील हरख्वैती हें सरस्वतीचेंच रूप असून तें अफगाणिस्तानांतील प्रदेशाचें नांव आहे. म्हणजे एक नांव एकाहून अधिक ठिकाणीं जाऊं शकतें. बिनतारखेच्या पत्रांत ‘बाजीराव’ एवढें नांव दिसलें म्हणून कोणी जाणता संग्राहक तें पत्र पहिल्या बाजीरावाच्या दप्तरांत घालीत नाहीं. तो आधीं अक्षर, कागद व आंतील संदर्भ पाहतो. जी कसोटी आपण कागदास लावतों, तीच नदीस लावावी. सूक्तावरून गाळाचा काळ ठरविणें आणि मग त्याच गाळावरून सूक्ताचा काळ ठरविणें हें चक्रक होय. त्यानें ना वेदाचा काळ निश्चित होतो, ना नदीचा.

घग्गर-हाकरा आणि वैदिक सरस्वती एकच असूं शकतील. तो प्रश्न आम्ही बंद करीत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, भूस्तर, उत्खनन व ग्रंथ हे तीन साक्षीदार आहेत. प्रत्येकाची जबानी स्वतंत्रपणें नोंदवावी आणि नंतरच ताडून पाहावी. जेथें त्या जुळतील तेथें निर्णय द्यावा. न जुळतील तेथें एकाच्या तोंडीं दुसऱ्याचें म्हणणें घालूं नये.