यंत्रभागाचे छायाचित्र : फोकस आणि विवक्षा

यंत्रभागांच्या छायाचित्रांविषयी जी समीक्षा आढळते, तिचे सामान्यतः दोन पक्ष पडतात. एक पक्ष पोलादाची झळाळी, दात्यांची आवर्तने आणि वक्रांचा डौल यांची वाखाणणी करून थांबतो. दुसरा पक्ष, या चित्रांतून कामगार नाहीसा झाला आहे, अशी तक्रार करतो. दोन्ही पक्ष चित्राला नामासारखे वाचतात. पहिल्याला ते नाम सुंदर वाटते, दुसऱ्याला अपुरे वाटते. वस्तुतः अशा चित्राची परीक्षा वाक्य म्हणून व्हावयास हवी, आणि तीसाठी लागणारी परिभाषा आपल्या व्याकरणपरंपरेत सिद्ध आहे.

पाणिनीच्या कारकविचारात पदार्थाला स्वतःचे असे कायमचे कारक नसते; क्रियेशी त्याचा जो संबंध येतो, त्यावरून तो कर्ता, करण किंवा अधिकरण ठरतो. पातेल्यात भात शिजतो, तेव्हा पातेले अधिकरण; परंतु पातेलेच शिजवते असेही म्हणता येते, आणि भाष्यकारांनी अशा प्रयोगांची चर्चा केलेली आहे. कोणता संबंध पुढे आणावयाचा हे वक्त्याच्या विवक्षेवर अवलंबून असते. टेबलावर एकटा ठेवलेला पिस्टन हे या दृष्टीने केवळ प्रातिपदिक होय. त्याला विभक्ती लागते ती छायाचित्रकाराच्या फोकसमुळे आणि रचनेमुळे.

फोकस ही येथे आवडीनिवडीची बाब राहत नाही, याला भौतिक कारण आहे. ३६ × २४ मिलिमीटरच्या चौकटीत वस्तू मूळ आकाराइतकीच उमटवावयाची झाली, तर एफ/१६ इतके लहान छिद्र ठेवूनही रेखीव दिसणाऱ्या थराची जाडी सुमारे २ मिलिमीटर भरते; एफ/२.८ वर ती अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी होते. छिद्र आणखी लहान करावे, तर प्रकाशाच्या विवर्तनाने सगळेच चित्र मऊ पडते. झिलईच्या दंडगोलावर दुसरी अडचण येते. त्यावर पडलेले दिव्याचे प्रतिबिंब पृष्ठभागावर नसून पृष्ठभागाच्या आत भासते, त्यामुळे प्रतिबिंब रेखीव केले की धातूवरचे ओरखडे पुसट होतात. म्हणजे झळाळी आणि झीज यांपैकी कशाविषयी विधान करावयाचे, हे छायाचित्रकाराला बटण दाबण्यापूर्वीच ठरवावे लागते. आणि ओरखडे ही क्षुल्लक बाब नव्हे. पिस्टनच्या अंगावरचे ओरखडे त्याच्या अक्षाच्या दिशेने उभे असतात, क्रँकशाफ्टच्या जर्नलवरचे परिघाला धरून जातात. स्थिर चित्रात क्रियापद नसते असे आपण समजतो. ते या रेषांत असते.

या कसोटीवर आल्बर्ट रेंगर-पात्श याची चित्रे पाहावीत. १९२८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या शंभर छायाचित्रांच्या संग्रहाला ‘वस्तू’ एवढेच नाव द्यावे अशी त्याची इच्छा होती. प्रकाशनात मात्र ‘जग सुंदर आहे’ या अर्थाचे नाव आले. वाल्टर बेन्यामिनने या नावावरच बोट ठेवले. कारखान्याचे छायाचित्र त्या संस्थेविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही, हा ब्रेख्तचा अभिप्राय पुढे करून त्याने १९३१ मध्ये चित्राला मथळ्याची जोड मागितली. आक्षेप रास्त आहे, उपाय मला अपुरा वाटतो. आल्फेल्ड येथील फागुस कारखान्यातील, पादत्राणांच्या उद्योगासाठीच्या इस्त्र्यांचे रेंगर-पात्शचे प्रसिद्ध चित्र घ्या. एकसारख्या इस्त्र्या ओळीने उभ्या आहेत. तापणे, दाबणे, चामडे यांपैकी कशाचाही मागमूस नाही. मथळ्याने आपल्याला वस्तूचे नाव आणि ठिकाण कळते, तरीही चित्र एकाच प्रातिपदिकाची द्विरुक्ती करीत राहते. उणीव शब्दांची नसून रचनेची आहे. ती मथळा भरून काढीत नाही.

पॉल स्ट्रँडने १९२२ साली एकली हा चलच्चित्रांचा कॅमेरा विकत घेतला, त्याच्या अंतर्भागाची जवळून चित्रे घेतली आणि १९२३ मध्ये त्याच कॅमेऱ्याच्या कारखान्यातील लेथ टिपले. झळाळीचा मोह त्यालाही आहे. परंतु यंत्राला नवा देव मानणाऱ्या काळाविषयी त्याने १९२२ मध्येच सावधपणे लिहिले होते, आणि हा सावधपणा या चित्रांच्या रचनेत उतरला आहे. त्याच्या चौकटीत एक भाग दुसऱ्या भागाला लागून येतो. कडा कोठे टेकते, दांडा कोठे शिरतो, हे डोळ्याला शोधता येते. करण आणि अधिकरण येथे आहेत. कर्ता मात्र नाही. कर्मणी प्रयोगात ‘कोणाकडून’ हे पद गाळावे, तसा तो गाळलेला आहे.

कर्ता हवा असे म्हणणारे लुइस हाइनच्या १९२० मधील वीजगृहातील मेकॅनिककडे बोट दाखवितात. येथे माणूस आहे, हातात पाना आहे. पण त्याची वाकलेली पाठ यंत्राच्या वर्तुळाकार कडेशी इतकी जुळवून बसविली आहे की, कर्त्यालाच यंत्राची विभक्ती लागल्यासारखे होते. पाना कोणत्या बोल्टाला किती फिरवतो आहे, याकडे दृष्टी जातच नाही. माणूस चौकटीत आणल्याने वाक्य पूर्ण होते, ही समजूत या चित्राने सोडावयास लावावी.

कलादालनापर्यंत क्वचितच पोहोचणारी दोन प्रकारची छायाचित्रे मला या दृष्टीने अधिक समर्थ वाटतात. पहिला प्रकार तुटलेल्या भागाचा. वारंवार पडणाऱ्या ताणाने क्रँकशाफ्ट मोडतो, तेव्हा भंगलेल्या पृष्ठभागावर, ओहोटीनंतर वाळूवर राहाव्यात तशा, अर्धवर्तुळाकार रेषा अनेकदा आढळतात. त्या सर्व एका बिंदूभोवती असतात, आणि भेग तेथूनच निघालेली असते. पाणिनीने अपादानासाठी सांगितलेला, ज्यापासून दूर जाणे घडते असा ध्रुव, तो हा. तिरप्या प्रकाशातच या रेषा उठून दिसतात. समोरून सरळ प्रकाश टाकला, तर त्या बुजतात आणि उरतो तो पोलादाचा एक खडबडीत तुकडा. येथे प्रकाशाची दिशा चुकणे म्हणजे पंचमीच्या जागी प्रथमा वापरणे होय.

दुसरा प्रकार मेकॅनिकने इंजिन उघडण्यापूर्वी, हल्ली बहुधा मोबाइलवर, घेतलेल्या चित्राचा. कोणती नळी कोठे, कोणती चकती कोणत्या बाजूस, एवढेच त्याला हवे असते. टायमिंगच्या खुणा तो समोर उभा राहून टिपतो. बाजूने घेतल्यास पुढची खूण मागच्या खुणेपासून सरकलेली भासते आणि जोडणी एका दात्याने चुकू शकते. रचनेचा दोष इतक्या रोकडेपणाने वसूल होण्याचा प्रसंग अन्य चित्रकारांवर सहसा येत नाही.

अलीकडे निरनिराळ्या अंतरांवर फोकस केलेली अनेक चित्रे संगणकावर एकत्र करून संपूर्ण भाग रेखीव दाखविण्याची पद्धत रूढ झाली आहे. यंत्रभागांच्या सूचीसाठी ती उपयुक्त आहे, यात शंका नाही. प्रत्येक शब्दावर सारखाच आघात देऊन वाचलेले वाक्य कानाला जसे लागते, तशी ही चित्रे डोळ्याला लागतात; आणि भेगेचा आरंभबिंदू त्यांत इतर शेकडो बिंदूंइतकाच स्पष्ट असतो.