घड्याळ म्हणजे काळ? जरा थांबा!

नेरळला ओट्यावरचं पातेलं नि लिंबू रेखाटताना लक्षात आलं, स्थिरचित्रात वस्तूला आधी टेकायला जागा लागते. आपल्याच रायगडातल्या नागावचे प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) नेमकी तीच काढून घेतात. त्यांच्या एनॅमल रंगातल्या चित्रांत घड्याळ, पान अशा साध्या वस्तू बहुधा टेबलाविना, सपाट अवकाशात सुट्या असतात. उपयोग गळतो, आकार उरतो. आपण मात्र लगेच लिहून मोकळे होतो, ‘घड्याळ म्हणजे काळ’. माझ्या पहिल्या मसुद्यातही हेच होतं. प्रतीक सापडलं की बघणं संपतं ना! म्हणून तुम्ही आधी एवढंच टिपा: वस्तू किती, कशावर टेकल्यात, सावली आहे का, मोकळी जागा किती. अर्थ नंतर. बरव्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ही त्यानंतरच उघडा.