‘मेद’ आणि चरबी : एका समीकरणाची चिकित्सा

आयुर्वेदातील शारीरविचार व आधुनिक शरीरविज्ञान यांची तुलना करणाऱ्या मराठी लेखनात ‘मेद म्हणजे चरबी’ हे समीकरण बहुधा सिद्धवत् मानले जाते. त्याची परीक्षा मात्र क्वचितच होते.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मेदाचे स्थान उदर व लहान अस्थी असे सांगितले आहे. मोठ्या अस्थींच्या आत असते ती मज्जा, इतर अस्थींत असतो तो सरक्त मेद, आणि शुद्ध मांसाचा जो स्नेह ती वसा. म्हणजे आज ज्याला सरसकट चरबी म्हटले जाते, ते द्रव्य तेथे तीन संज्ञांत विभागलेले आहे. आधुनिक शास्त्र पाहावे, तर प्रौढाच्या लांब हाडांतील पिवळी मज्जा मुख्यत्वे चरबीच्या पेशींची असते; उलट मणके व फासळ्या यांतील तांबडी मज्जा रक्तपेशी निर्माण करते. अर्थात् संहितेतील ‘मज्जा’ येथे चरबीकडे झुकते, तर ‘सरक्त मेद’ चरबीपासून दूर जातो. निरीक्षण खोटे नाही; भेद आहे तो वर्गीकरणाच्या तत्त्वात. एकीकडे स्थान, रूप व धातुक्रम हे निकष आहेत, दुसरीकडे पेशी व तिचे कार्य.

कार्याच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. चरकाच्या मते मेदाने मार्ग अडले की कोष्ठातील वायू अग्नीला प्रदीप्त करतो व स्थूल मनुष्याची भूक वाढते. 1994 साली शोध लागलेले लेप्टिन हे चरबीतून स्रवणारे संप्रेरक भूक आवरण्याचा संकेत देते. चरबी व भूक यांचा संबंध दोन्हीकडे आहे, परंतु त्याची दिशा परस्परविरुद्ध आहे. तेव्हा ‘हे आमच्या पूर्वजांना ठाऊकच होते’ हा निष्कर्ष जितका उतावीळ, तितकाच ‘ही केवळ कल्पना होय’ हाही.

मराठीने या गोंधळात स्वतःची भर घातली आहे. ‘मज्जासंस्था’, ‘मज्जातंतू’ या शब्दांत मज्जेचा संबंध अस्थीशी न राहता चेतनेशी जडला. हा अर्थ मनात ठेवून संहिता वाचणारा विद्यार्थी पहिल्याच पायरीवर चुकतो.

संज्ञेची कक्षा आधी, तुलना नंतर, हा क्रम पाळला गेला नाही, तर तुलना होते ती शास्त्रांची नव्हे, केवळ भाषांतरांची.