कोशिंबिरीची बढती

पानात डावे-उजवे असते आणि ते राजकारणातल्यापेक्षा पक्के असते. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचे, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी, मध्ये भात. डावीकडच्या मंडळींनी 'तोंडी लावणे' या नात्याने यायचे, जिभेला जरा गुदगुल्या करायच्या आणि गप्प बसायचे. कोशिंबीर खाऊन पोट भरले असे सांगणारा माणूस निदान माझ्या पाहण्यात नाही. लग्नाच्या पंगतीत तर वाढपी ती इतक्या हलक्या हाताने वाढतो की, पानावर कोशिंबीर पडली की नुसता डाग पडला, ते वाकून पाहावे लागते.

अशा या कोशिंबिरीची अमेरिकेत बढती झालेली आहे. कारकुनाचा एकदम मोठा साहेब व्हावा तशी! तिथे तिच्या हाताखाली पास्ता आणि कोंबडी देऊन रात्रीचे सबंध जेवण तिच्यावर सोपवतात. 'सॅलड' या शब्दाचे मूळ लॅटिनमधल्या मिठात आहे. (आपणही लवणापासून लावण्य काढलेच की. फक्त आपण ते नायिकेला दिले, त्यांनी काकडीला.) पण नुसत्या मिठावर भूक कशी भागणार? १९३७ साली हॉलिवूडच्या ब्राऊन डर्बी या हॉटेलचे मालक रॉबर्ट कॉब यांना रात्री उशिरा भूक लागली आणि त्यांनी उरलीसुरली कोंबडी, अंडी, टोमॅटो, चीज एकत्र चिरून आपले प्रसिद्ध कॉब सॅलड केले, अशी कथा सांगतात. म्हणजे मालकाला भूक लागली आणि कोशिंबिरीचे नशीब उघडले.

न्यू जर्सीला आमच्या लेकीकडे गेलो असताना हा पदार्थ मी पोटभर खाल्ला. तेव्हा त्याचे परीक्षण करण्याचा अधिकार मला पोहोचतो.

प्रथम पास्ता. ड्युरम नावाच्या कडक गव्हाच्या रव्याचा हा प्रकार म्हणजे आपल्या शेवयांचा इटलीतला चुलतभाऊ. लेकीने स्क्रूच्या आकाराची फुसिली घेतली होती. ही निवड शंभर टक्के बरोबर. त्या आट्यांत तेल-मसाला अडकून बसतो. लांब शेवया घेतल्या असत्या तर चव वाडग्याच्या तळाशी आणि शेवया आमच्या हनुवटीवर, अशी वाटणी झाली असती. मात्र गरम खायचा पास्ता दाताला किंचित लागेल असा उतरवतात, तर गार खायचा मिनिटभर जास्त शिजवावा लागतो. फ्रीजमधल्या शिळ्या भाताची शिते कशी ताठरतात, तसाच तोही गार झाला की ताठरतो. ते एक मिनिट लेकीने वाचवले. वेळ वाचवणे हा त्या देशाचा कुळाचारच आहे. पण आमच्या दातांचा कुळाचार निराळा.

मग कोंबडी. ब्रेस्टच्या तुकड्यात चरबी जवळजवळ नसतेच, त्यामुळे तो बघता बघता कोरडा पडतो. आतले तापमान ७४ अंश सेल्सिअस झाले की उतरवायचा, पाच-दहा मिनिटे त्याला हात लावायचा नाही आणि मग धाग्याला आडवा कापायचा. हे सारे लेकीने चोख केले. मेलेल्या कोंबडीला थर्मामीटर लावलेला मी जन्मात प्रथमच पाहिला! तुकडे मऊ होते, रसरशीत होते. पण मी मूळचा मालवणकडचा. कोंबडी म्हणजे सागोती, वर टम्म फुगलेले वडे. रश्शाविना कोंबडी म्हणजे पखवाजाविना दशावतार. राजा येतो, बोलतो, जातो. अंगात काही येत नाही.

काकडीचे मीठ तिने अगदी शेवटी घातले, ही मात्र आईची शिकवण. आधी घातले की काकडी रडायला लागते. तीन भाग तेल आणि एक भाग व्हिनेगर फेटून निम्मे कोमट पास्त्यावर, म्हणजे ते आत मुरते, आणि निम्मे वाढताना. यात तरी परके काय आहे? दडपे पोहे दुसरे काय करतात? गार जेवण म्हणून नाक मुरडावे, तर दहीभात काय चुलीवरून उतरवून खातो आपण? आणि गोपाळकाला तर खुद्द देवाचा. दहाजणांच्या शिदोऱ्या एकात कालवल्या, सगळ्यांनी मिळून खाल्ल्या.

हे 'सगळ्यांनी मिळून' फार महत्त्वाचे आहे. आमच्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार सोडून कधीही कोंबडी होते, आणि होते तेव्हा वडे कढईतून थेट पानात पडतात. या थाटाला तोड नाही. पण कढईपाशी कुणीतरी उभे लागतेच. गेली चाळीस वर्षे आमची सौ. तिथे उभी आहे. आम्ही हात धुऊन सुपारी कातरायला बसलो की ती जेवायला बसते. वडे तोवर चपटे झालेले असतात आणि रश्शात मान तेवढी उरलेली असते. तिला विचाराल तर 'मला मानच आवडते' म्हणते. कोंबडीची मान इतकी चवदार असती, तर ती कढईशी कशी पोहोचली असती?

लेक साडेसहाला कामावरून येते. कालच उकडून ठेवलेला पास्ता, कोंबडी बाहेर काढते, भाजी चिरते, एक मोठा वाडगा मध्ये ठेवते, आणि जावई, नातवंडे, ती, आम्ही दोघे, सगळे एकदम बसतो. पहिल्या पंगतीला बसलेली सौ. मी तिथे पाहिली. बिचारी दोन-दोन मिनिटांनी उठायची. काय आणायचे ते तिला आठवेना, कारण आणायचे काही नव्हतेच. 'आई, बस गं!' असे लेकीने तीनदा सांगितल्यावर कुठे टेकली.

एवंच, पाकशास्त्राच्या पेपरात या सॅलडला मी शंभरात पन्नास गुण देतो. पण करणारी बाई जेवणाच्या वेळी कुठे होती, असा दुसरा पेपर काढला, तर त्याला पहिला नंबर द्यावा लागेल आणि माझे लाडके कोंबडी-वडे त्यात सपशेल नापास होतील.

सौ.चे मत मी मुद्दाम विचारले. तिने शेवटचा घास सावकाश चावला. "चांगलं आहे हो," ती म्हणाली, "फक्त सोबत दोन-दोन गरम वडे हवे होते." आणि कढई कुठे आहे ते बघायला उठली.